एकोणिसावा रकाना

सकाळपासून एकाच रकान्यात अडकलेय.
डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी,
मध्ये बारीक रेघ, कुंपणाची असते तशी.
एकोणिसाव्या ओळीत डावीकडे: फूटप्रिंट.
उजवीकडे नुसता कर्सर लुकलुकतोय.

बेलापूर, सेक्टर अकरा, सातवा मजला.
इथली काच उघडत नाही.
काचेपलीकडे खाडी, ओहोटीत उघडी पडलेली.

अहवाल कंपनीचा. कंपनीला पाय नाहीत,
पण फूटप्रिंट आहे बावीस शहरांत,
म्हणजे दुकानं.
धुराचंही एक आहे,
ते दर वर्षी चार टक्क्यांनी कमी करायचंय.
इमारतीचं एक, चौरस मीटरमध्ये.
आणि एक म्हणे माझं, इंटरनेटवर,
काल रात्री साडेअकराला मी जे शोधलं त्याचं.
ते भरती आली तरी पुसत नाही.

एवढी पावलं,
आणि कुणाच्या टाचेला चिखल नाही.

'पाऊलखूण' लिहिलं. खोडलं.
निघून गेलेल्या माणसांचा वास येतो त्याला.
'पदचिन्ह' लिहिलं. ते देवळात, दगडात कोरलेलं,
हळदकुंकवाखाली.
'ठसा' म्हटलं की आज्याचा अंगठा आठवतो,
मिठागराच्या कागदावर, जांभळ्या शाईतला.
त्या दिवशी त्यांनी अंगठाच मागितला.
पायाचा मागितला असता
तर आज्या त्यांना बांधावर घेऊन गेला असता,
म्हणाला असता, मोजा.

मग न बोलावता आमच्याकडचे शब्द चालत आले.
वाकडं पाऊल. काढता पाय.
लग्नघरातल्या वाट्याचमच्यांना फुटणारे पाय.
उंबऱ्यात जड होणारा.
आणि तो पायगुण,
जो नव्या नवरीलाच असतो,
नवऱ्याला कधी असल्याचं ऐकलं नाही.

पदूमावशी. नावातच पाय घेऊन जन्मलेली.
लग्नाला सात महिने झाले
आणि काकाची होडी परत आली, नुसती होडी.
दिवाळ्यात कुणी तोंडावर काही बोललं नाही.
नळावर, कळशी भरता भरता, दोनच शब्द:
पांढऱ्या पायाची.

दुपारी खालून सिक्युरिटीचा फोन.
मॅडम, कोणी बाई आल्यात, तुमचं नाव घेतात,
पायात चप्पल नाही.

उतरले. पदूमावशी,
हातात पिशवी, पिशवीत वळवळत्या निवट्या,
गुडघ्यापर्यंत खाडी.
"भरती यायचे आधी आयलू गो. आजच कर, उद्याला ठेवू नको."

दारापासून टेबलापर्यंत ग्रॅनाइटवर
अकरा पावलं, काळी, ओली.
डाव्याची बोटं पाच.
उजव्याची चार, करंगळी कालवाच्या धारेने नेली
त्या वर्षी, ती पहिल्यांदा एकटी चिखलात उतरली तेव्हा.

हाउसकीपिंगचा मुलगा मॉप घेऊन उभा, अवघडलेला.
आमचे सर पावलं चुकवत चुकवत
लिफ्टकडे गेले, लंगडी घालावी तसे.
मी म्हटलं, मावशी, आत नळ आहे, पाय धू.
तिने लुगडं जरा वर धरलं. खाली पाहिलं.
"बग नीट. पांढरं हान का?"

आणि हसली.
इतक्या मोठ्याने, की सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला.

वर आले. रकाना तसाच.
'फूटप्रिंट' टाइप केलं, देवनागरीत, जसंच्या तसं.
ग्राहकाला हेच चालतं.
विसाव्या ओळीवर गेले.

सहाला उतरले तर फरशी लख्ख.
फक्त खांबामागे, मॉप पोचला नव्हता तिथे,
अर्धी टाच, वाळून राखाडी झालेली,
आणि तिच्या काठाला
मिठाची बारीक पांढरी रेघ.

मावशीला हे सांगावं की नाही, ठरेना.
रिक्षा सोडून दिली, दिवाळ्याकडे चालत निघाले.
पिशवीत अजून काहीतरी वळवळत होतं.